नंबर टाकू नका, असं मी सांगत आलो

नायगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. परीक्षेचे फॉर्म, पीकविमा, लाइट बिल, रेल्वेचं तिकीट, आणि अलीकडं लोकांसाठी ऑनलाइन मागवायच्या वस्तू, सगळं एकाच टेबलावर चालतं. या टेबलावरून मी वर्षानुवर्षं एक सल्ला फुकट वाटत आलो. कार्डाचा नंबर इंटरनेटवर टाकायचा नाही. माल दारात येऊ द्या, मग पैसे द्या. क्रेडिट कार्डाचं तर नावच काढू नका. आता तोच मी गिऱ्हाइकाला म्हणतो, ऑनलाइन खरेदी करायचीच असेल आणि हाताला शिस्त असेल, तर क्रेडिट कार्डानं करा. डेबिट कार्ड आणि यूपीआय गावातल्या दुकानांसाठी राहू द्या. जुनी गिऱ्हाइकं चक्रावतात. "सावकार, तुम्ही म्हणूलालाव हे?" असं विचारतात. टेबलावर गर्दी असते, तिथं सगळं सांगता येत नाही. म्हणून लिहून काढतोय.

माझा जुना सल्ला हवेतून आलेला नव्हता. लोक एटीएम कार्ड कसं सांभाळतात ते मी रोज बघतो. कार्डाच्या कागदी पाकिटावर बॉलपेननं पिन लिहिलेला असतो. काही जण कार्डासोबत मोबाइलही पुढं सरकवतात, 'ओटीपी आला की तुम्हीच टाका' म्हणतात. विश्वास माझ्यावर असतो हे खरं, पण मागं रांगेत उभी असलेली माणसंही तो पिन वाचत असतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लोकांची पासबुकं, आधार कार्डं, मोबाइल नंबर टेबलावर उघडे पडलेले. अशा गावाला 'वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाका' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

त्यात बातम्यांनी भर घातली. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या बँकांची मिळून सुमारे बत्तीस लाख डेबिट कार्डं धोक्यात आल्याचं जाहीर झालं. बँकांनी कुणाला पिन बदलायला लावला, कुणाचं कार्डच बदलून दिलं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत नोटाबंदी झाली, आणि ज्या कार्डांचा धसका घेतला होता तीच कार्डं घेऊन लोक एटीएमच्या रांगेत उभे राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे, दुसऱ्या बँकेतल्या खात्यात ठेवलेले, साडेचौदा कोटींच्या आसपास उडाले. पुण्याची बातमी लांबची वाटली होती. ही तासाभराच्या वाटेवरची होती.

पण खरं कारण याहून जुनं होतं, आणि ते मी गिऱ्हाइकाला कधी बोललो नाही. मला उधारीची भीती होती. आमच्याकडं बियाणं, खत, फवारणीचं औषध कृषी सेवा केंद्रातून उधार उचलायचं आणि सोयाबीन मोंढ्यावर गेलं की फेडायचं, अशी रीत आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी ती उधारी पुढच्या खरिपावर चढते. तिचं व्याज कुणी कागदावर लिहीत नाही, ते खताच्या भावातच मिसळलेलं असतं. असल्या घरात वाढलेल्या माणसाला बँकेतून फोन आला की 'सर, लाइफटाइम फ्री कार्ड', तर त्या 'फ्री'तच गोम दिसते. आणि गोम आहेच. थकबाकी ठेवली तर क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला छत्तीस ते पंचेचाळीस टक्के. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकारालाही इतका दर कायद्यानं लावता येत नाही. हा आकडा मी आजही विसरलेलो नाही, आणि तुम्हीही विसरू नका.

माझं मत हललं ते क्रेडिट कार्डामुळं नाही. 'माल बघून पैसे द्या' या माझ्या लाडक्या सल्ल्यालाच आधी तडा गेला. माल बघून पैसे, हे म्हणायला ठीक. प्रत्यक्षात कुरिअरवाला पोरगा बंद खोका हातात देतो आणि आधी पैसे मागतो. खोका उघडून दाखव म्हटलं तर तो म्हणतो, मला परवानगी नाही. तो खोटं बोलत नसतो. पैसे घेऊन तो पुढच्या गावाला निघून जातो, खोक्यात साडीऐवजी चिंधी निघते, आणि खोक्यावरचा नंबर लागत नाही. रोख दिलेल्या पैशाला मागं यायची वाटच नसते. कुणी कुणाला किती दिले याचा पुरावा म्हणजे एक चिठोरी.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे न मागवलेलं पार्सल. कुठून तरी गळलेल्या यादीत नाव, पत्ता, मोबाइल नंबर असतो. त्यावर पार्सल निघतं. दुपारच्या वेळी घरात म्हातारी माणसं असतात. पोरानं नाहीतर सुनेनं मागवलं असेल म्हणून ती चारपाचशे रुपये काढून देतात. संध्याकाळी कळतं की कुणीच मागवलं नव्हतं. असं पार्सल घेऊन माझ्याकडं माणसं आली, 'तुमच्याच दुकानातून मागवलंय का बघा' म्हणून. मी ज्याला सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणत होतो त्या रस्त्यावरच ही लूट चालली होती, आणि तिला कार्ड लागत नव्हतं, ओटीपी लागत नव्हता.

मग दोन गिऱ्हाइकांचं एकसारखं प्रकरण माझ्यासमोर घडलं. एक गुरुजी, एक कृषी सहायक. दोघांनीही उन्हाळ्याच्या तोंडावर मोबाइलवर जाहिरात बघून, निम्म्याहून कमी भावात, वेगवेगळ्या वेबसाइटवर इन्व्हर्टरची बॅटरी मागवली. दोन्ही वेबसाइट बनावट निघाल्या, बॅटरी कुणाचीच आली नाही. गुरुजींनी यूपीआयनं पैसे भरले होते, कृषी सहायकांनी क्रेडिट कार्डानं. इथून पुढं दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गुरुजींच्या मोबाइलमध्ये व्यवहार 'सक्सेसफुल' दिसत होता, आणि बँकेचं म्हणणं असं की पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्याच संमतीचा आहे. पार्सल येईल, पार्सल येईल करत त्यांनी तक्रारीला उशीर केला. तोवर ते पैसे त्या खात्यातून पुढं कुठं कुठं गेले ते शोधायची पाळी पोलिसांवर आली. कृषी सहायकांना बँकेनं एक फॉर्म दिला. जाहिरातीचा फोटो, ऑर्डरचा मेसेज, वेबसाइटला पाठवलेले आणि उत्तर न आलेले ईमेल, सगळं माझ्याच दुकानात स्कॅन करून जोडलं. दोन बिलं येऊन गेली, मध्ये बरीच पत्रापत्री झाली, पण शेवटी ती रक्कम त्यांच्या बिलातून वजा झाली. समोरच्या बाजूला माल पोहोचवल्याचा पुरावाच देता आला नाही.

हे कसं होतं ते मी नंतर समजून घेतलं. कार्डानं पैसे भरले की ते थेट दुकानदाराच्या खिशात जात नाहीत. तुमची बँक, मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपलं रुपे यांचं जाळं, आणि पलीकडं दुकानदाराची बँक, अशी साखळी असते. या साखळीत सगळ्यांनी एक करार मान्य केलेला असतो: माल मिळाला नाही, किंवा सांगितला तो नव्हता, असं ग्राहकानं मुदतीत कळवलं आणि दुकानदाराला पुरावा देता आला नाही, तर रक्कम उलट्या वाटेनं परत मागता येते. बँकवाले याला 'चार्जबॅक' म्हणतात. दरवेळी यश येतंच असं नाही. ही वाट डेबिट कार्डालाही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फरक इतकाच की डेबिट कार्डाच्या भांडणात तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. त्यातून किराणा भरायचा होता, पोराची नांदेडच्या शिकवणीची फी भरायची होती, गाडीचा हप्ता जायचा होता. क्रेडिट कार्डाच्या भांडणात तोवर बँकेचे पैसे अडकलेले असतात. मी ज्या उधारीला इतकी वर्षं भीत होतो, तीच उधारी इथं माझ्या बाजूनं उभी होती.

मग जुन्या बातम्या मी पुन्हा आठवल्या. बत्तीस लाख कार्डं, कॉसमॉस, शंकर नागरी. या सगळ्यांत खातेदारानं काय केलं होतं? काहीच नाही. ना पिन सांगितला, ना नंबर कुठं टाकला. जो माणूस आयुष्यात कधी इंटरनेटवर गेला नाही त्याचंही कार्ड त्या बत्तीस लाखांत असू शकत होतं. या बातम्यांवरून मी 'इंटरनेटपासून लांब राहा' असा अर्थ काढला होता. आता मला त्यांतून वेगळाच प्रश्न दिसतो. चोरी व्हायची ती होईल. झाल्यावर तिचा भार कुणावर पडतो?

या प्रश्नाचं उत्तर रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिलं आहे, आणि ते आमच्याकडं फार थोड्यांना माहीत आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य, त्यानं कळवलं असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेत तिसरीकडंच कुठं तरी असेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर भार मर्यादित: साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त दहा हजार रुपये. सात दिवस उलटले की बँकेचं धोरण काय असेल ते. कळवल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची, नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची, आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर व्याजाचा बोजाही ग्राहकावर टाकता येत नाही.

आता याची दुसरी बाजू. ओटीपी, पिन तुम्ही स्वतः कुणाला सांगितला तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो, आणि बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं गेलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे क्रेडिट कार्ड घेतलं म्हणून ओटीपी वाटत फिरायला कुणी मोकळा होत नाही. बनावट वेबसाइटवर स्वतःच्या हातानं केलेली खरेदीही या परिपत्रकात बसत नाही, तिथं ती चार्जबॅकची वाटच धरावी लागते. माझी एक तक्रार मात्र आहे. इंग्रजीतला मेसेज न कळणाऱ्या माणसानं घाबरून सहा आकडे वाचून दाखवले, तर त्याला 'निष्काळजी' म्हणून हात झटकणं बँकांना फार सोपं जातं. मेसेज मराठीत पाठवायची काळजी आधी त्यांनी घ्यावी, मग आमची काळजी मोजावी.

एवढं कळल्यावर मी कार्ड घ्यायला निघालो तर पगाराची पावती मागितली गेली. दुकानदाराला, शेतकऱ्याला पगाराची पावती कुठली? मग मुदत ठेवीवर कार्ड मिळतं हे कळलं. बँकेत ठेव ठेवायची, तिच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत कार्डाची मर्यादा मिळते, ठेवीला व्याज चालूच राहतं. मी मुद्दाम लहान ठेव केली. मर्यादा लहान म्हणजे चोराला सापडेल ते घबाडही लहान, आणि माझ्या मोहालाही तेवढीच जागा. पुढं मर्यादा वाढवून देतो असे मेसेज येत राहतात. तुमची स्पष्ट संमती असल्याशिवाय बँकेला ती वाढवता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. संमती द्यायची नाही, एवढंच आपलं काम.

कार्ड हातात आल्यावर पहिलं काम केलं ते बटणं शोधण्याचं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमसाठी आणि दुकानातल्या मशिनसाठी चालू असेल. ऑनलाइन वापर, परदेशातला वापर आणि नुसतं टेकवून पैसे देणं, हे ग्राहकानं मागितलं तरच चालू करायचं, आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवायची सोय चोवीस तास द्यायची. बँकेच्या अॅपमध्ये ही बटणं असतात, पण त्यांना हात लावलेला माणूस मला क्वचितच भेटतो. मी ऑनलाइनचं बटण विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसारखं वापरतो: पाणी द्यायचं तेव्हा चालू, एरवी बंद. खरेदी हजाराची असेल तर मर्यादाही तेवढ्याच बेताची. परदेशी व्यवहारांचं बटण कायमचं बंद.

या परदेशी बटणाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण गावातली सगळ्यात मोठी अफवा इथूनच उठली आहे: 'ओटीपी न येताच पैसे गेले.' ती निव्वळ अफवा नाही. भारतात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी ओळख, म्हणजे ओटीपी किंवा पासवर्ड, १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली. पण तो नियम देशातल्या व्यवहारांचा. परदेशातल्या वेबसाइटला कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे पुरायचे. ज्याचं हे बटण चालू राहिलं त्याचा चोरलेला नंबर बाहेरच्या देशात ओटीपीशिवाय चालू शकतो. आपल्याला परदेशातून काही मागवायचंच नसतं, मग ते बटण चालू कशाला ठेवायचं?

कार्ड 'सेव्ह' करावं का, हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी मी ठाम नाही म्हणायचो. आता तेवढा ठाम नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून कोणत्याही ऑनलाइन दुकानाला कार्डाचा खरा नंबर स्वतःकडं साठवायला बंदी आहे. त्याच्याकडं राहतो तो एक बदली क्रमांक, 'टोकन', आणि तो त्या दुकानाबाहेर चालत नाही. त्या दुकानावर दरोडा पडला तरी चोराच्या हाती तुमचा नंबर लागत नाही. नेहमीच्या, नाव असलेल्या एकदोन दुकानांत टोकन ठेवायला हरकत नाही असं मला आता वाटतं. बाकी ठिकाणी दरवेळी नंबर टाकायचा कंटाळा आला तर येऊ द्या. कंटाळ्यानं निम्मी फालतू खरेदी तिथंच थांबते.

ओटीपीचं काय? टेबलाच्या या बाजूनं बघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मेसेज आला की माणसाची नजर थेट सहा आकड्यांवर जाते. त्याच मेसेजमध्ये रक्कम किती आणि कुणाला, हेही लिहिलेलं असतं, आणि ते कुणीच वाचत नाही. दहा रुपये भरून पार्सलचा पत्ता दुरुस्त करा, असं सांगणाऱ्या लिंकवर ओटीपी मागितला जातो, आणि मेसेजमध्ये मात्र रक्कम असते एकोणीस हजार. सगळा डाव त्या एका ओळीत उघडा असतो. म्हणून मी आता गिऱ्हाइकाकडून आधी रक्कम मोठ्यानं वाचून घेतो, मग आकडे टाकायला लावतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही रक्कम वाचता येते.

ओटीपी सांगितला नाही तरी तो जाऊ शकतो, हे मात्र नवीन. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, नाहीतर पीएम किसानचा हप्ता, नाहीतर गाडीचं चलन. उघडायला गेलं की ते चित्र नसतं, एपीके असतं, म्हणजे मोबाइलमध्ये बसणारं अॅप. ते बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडं जातो. लग्नसराईत आमच्याकडं रोज पत्रिका येतात, कुणाची उघडू आणि कुणाची नको? अशा वेळी ओटीपी नावाचं कुलूप चोराच्याच हातात असतं. बंद ठेवलेलं बटण आणि लहान मर्यादा, एवढंच उरतं. यूपीआयला किंवा डेबिट कार्डाला जोडलेलं खातं असेल तर चोराच्या समोर अख्खं बचत खातं उघडं असतं. क्रेडिट कार्डाकडं वळायचं माझं सगळ्यात मोठं कारण, खरं सांगायचं तर, हेच आहे.

दुकान खरं की खोटं हे ओळखायची जुनी खूण म्हणजे पत्त्याच्या पट्टीतलं कुलपाचं चित्र. ती आता विसरा. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यापासून वेबसाइटपर्यंतची माहिती मध्ये कुणी वाचत नाही. पलीकडं बसलेला चोर असेल तर ती त्याच्यापर्यंत सुरक्षित पोहोचते. लोकांचा गैरसमज होतो म्हणून गूगलनं २०२३ मध्ये क्रोममधून ते चित्रच काढून टाकलं. मी दुकानाचा पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव, माल परत घेण्याचे नियम शोधतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ते दाखवणं बंधनकारक केलंय. बँकेचा फोन नंबर मात्र गूगलवर कधीच शोधत नाही, कारण तिथं चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. कार्डाच्या मागं छापलेला नंबर तेवढा खरा.

इतकं सगळं सांगूनही काही जणांना मी अजून नाहीच म्हणतो. ज्याची कृषी केंद्राची उधारी दरवर्षी पुढं ढकलली जाते त्याला नाही. बिलावर 'मिनिमम अमाउंट ड्यू' वाचून 'एवढेच भरायचे की' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. दहा हजारांच्या बिलावर किमान रक्कम असते पाचशेच्या आसपास. तेवढीच भरली तर उरलेल्या साडेनऊ हजारांवर व्याज सुरू होतं, त्यावर जीएसटी, आणि त्यानंतरच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत राहत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डानं एटीएममधून रोख काढली तर तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. माझं मत सुरक्षेबद्दल बदललंय, उधारीबद्दल बदललेलं नाही. बिल आलं की पूर्ण भरणार असाल तरच या वाटेला या.

आणि ज्यांना मी होय म्हणतो त्यांच्यापाशीही एक अडचण वारंवार येते, ती कार्डाची नसते. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर पोराचा असतो, आणि पोरगा हैदराबादला नाहीतर पुण्याला कामाला. मेसेज तिकडं वाजतो, कार्ड इकडं. किंवा नंबर जुना असतो, रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला, आणि कंपनीनं तो केव्हाच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेला. ते तीन दिवस मोजायचे कुठून? ज्याला मेसेजच मिळत नाही त्याला परिपत्रकाचा काही उपयोग नाही.

तेव्हा नायगावात राहा, नरसीत राहा की कुंटूर-बरबड्यात, पैसे गेल्याचं दिसलं तर पार्सलची किंवा सोमवारची वाट बघू नका. त्याच क्षणी बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण चोराच्या खात्यातून पैसे पुढं सरकण्याआधीच ते अडवता येतात. आणि हे सगळं होण्याआधी, याच आठवड्यात, आपल्या शाखेत जाऊन खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते विचारा. तो तुमच्या खिशातल्या मोबाइलचा नसेल तर आधी तो बदलून घ्या. कार्डाचा अर्ज त्यानंतर भरा.